हिरवी शलाका कुठे संपते? लेसरने ९० किलोमीटर वरची हवा कशी मोजतात

प्रश्न विचारणारे नाशिकमधले चौघे विद्यार्थी आहेत, बीएस्सी फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाचे. गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला आकाशदर्शनाला गेले असताना कुणीतरी तारा दाखवायला हिरवा लेसर वर धरला आणि त्याची शलाका वर जाऊन एका जागी कापल्यासारखी संपलेली दिसली. तिथे वातावरण संपतं का, हा त्यांचा पहिला प्रश्न. दुसरा असा: आणखी ताकदवान लेसर आणि कॉलेजची आठ इंची दुर्बीण घेतली, तर वरच्या वातावरणाचं तापमान प्रोजेक्ट म्हणून मोजता येईल का?

मी मूळची पंचवटीतली. नोकरीची सव्वीस वर्षं दक्षिणेतल्या एका वेधशाळेत लायडारवर रात्रपाळ्या करण्यात गेली. लायडार म्हणजे रडारचाच भाऊ, फक्त रेडिओलहरींच्या जागी लेसरचा प्रकाश. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर "तुम्ही म्हणता तसं नाही" असं आहे. पण पहिला प्रश्न इतका चांगला आहे की सगळा विषय त्यातूनच उलगडतो, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

समजा, तुम्ही लेसरपासून एक मीटर अंतरावर उभे आहात आणि शलाका सरळ वर गेली आहे. एक किलोमीटर उंचीवरचा तिचा भाग तुमच्या डोक्यावरच्या नेमक्या बिंदूपासून एक हजारांश रेडियन बाजूला दिसेल. दहा किलोमीटरवरचा भाग एक दशहजारांश. आपल्या डोळ्याला साधारण एका कलेपेक्षा (अंशाचा साठावा भाग), म्हणजे ०.०००३ रेडियनपेक्षा कमी अंतरावरच्या दोन गोष्टी वेगळ्या दिसत नाहीत. गणित करून बघा: साडेतीन किलोमीटरच्या वरचा शलाकेचा सगळा भाग तुमच्यासाठी एकाच ठिपक्यात गोळा होतो. म्हणजे तुम्हाला जे टोक दिसलं ते वातावरणाचं टोक नव्हतं. त्या एका ठिपक्यात साडेतीन किलोमीटरपासून वरची सगळी हवा एकावर एक रचलेली होती. आमच्या धंद्याचं सगळं काम म्हणजे तो ठिपका उकलून त्यातला एकेक थर सुटा करणं.

त्याचे दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे बाजूला जाऊन बघायचं. लेसर जन्मालाही आला नव्हता तेव्हा, १९३० मध्ये, आयर्लंडच्या सिंज यांनी सुचवलं की सर्चलाइट वर सोडावा आणि काही अंतरावरून त्याचा झोत निरनिराळ्या कोनांतून बघावा. कोनावरून उंची कळते. १९३७ मध्ये हलबर्ट यांनी असा झोत २८ किलोमीटरपर्यंत टिपला आणि १९५० च्या दशकात एल्टरमन यांनी झोताची तीव्रता लयीत कमीजास्त करून ६० किलोमीटरच्या आसपासपर्यंत घनता मोजली. साध्या दिव्याने! मला या लोकांबद्दल फार आदर वाटतो.

दुसरा मार्ग म्हणजे वेळ मोजायची. इथेच तुमचा लेसर पॉइंटर, पाच वॅटचा असला तरी, बाद होतो. तो अखंड जळतो. परत आलेला प्रकाशकण कधी निघाला होता हे कळतच नाही, मग तो कुठून परतला हे कसं कळणार? आम्ही वापरतो तो लेसर सेकंदाला वीस किंवा पन्नास वेळा, दर वेळी काही अब्जांश सेकंदांपुरताच चमकतो. एक मायक्रोसेकंद म्हणजे १५० मीटर उंची, कारण प्रकाशाला जाऊन परत यायचं असतं. ९० किलोमीटरवरून उत्तर यायला ६०० मायक्रोसेकंद लागतात. सेकंदाला वीस चमकांच्या, म्हणजे वीस पल्सच्या, लेसरमध्ये पुढचा पल्स निघायला ५० हजार मायक्रोसेकंद अवकाश असतो. म्हणजे ऐकायला वेळ भरपूर, पण ऐकू येणारा आवाज मात्र फार म्हणजे फारच बारीक.

किती बारीक, ते आकड्यांत सांगते. ५३२ नॅनोमीटरच्या हिरव्या लेसरचा अर्ध्या ज्यूलचा एक पल्स घ्या. त्यात सव्वा अब्ज अब्जांहून थोडे जास्त, म्हणजे १.३ गुणिले १० चा अठरावा घात, इतके फोटॉन (प्रकाशकण) असतात. पाऊण मीटर व्यासाचा आरसा खाली लावा. ८० किलोमीटरवरच्या एक किलोमीटर जाडीच्या थरातून हवेच्या रेणूंनी विखुरलेल्या प्रकाशापैकी डिटेक्टरवर मोजला जाईल असा भाग एका पल्समागे एका फोटॉनचा दहावा-विसावा हिस्सा निघतो. म्हणजे दहा-वीस पल्स सोडावेत तेव्हा तिथून एक फोटॉन हाती लागतो. आकाशाचा उजेड, चंद्र, गावातले दिवे, डिटेक्टरचा स्वतःचा गोंगाट, सगळं त्यातच मिसळलेलं. तुमच्या आठ इंची आरशाचं क्षेत्रफळ पाऊण मीटरच्या आरशाच्या तेरा-चौदा पटींनी कमी आहे, तेव्हा हिशोब तुम्हीच करा. या धंद्यात लेसर आकाशात सोडणं सोपं असतं. परत आलेला फोटॉन आपलाच आहे, हे सिद्ध करणं कठीण.

आता यातून तापमान कसं काढतात? या कल्पनेच्या मी आजही प्रेमात आहे. ३० किलोमीटरच्या वर धूळ, धूर, बाष्प जवळपास नसतं (मोठा ज्वालामुखी फुटला तर गोष्ट वेगळी, १९९१ च्या पिनाटूबोनंतर स्थितांबरातला थर लायडारवर कित्येक महिने ठसठशीत दिसत होता). प्रकाश विखुरतात ते नुसते हवेचे रेणू. म्हणून परत आलेल्या फोटॉनांची संख्या, उंचीच्या वर्गाने गुणून, थेट हवेच्या घनतेच्या प्रमाणात असते. प्रत्येक थरावर वरच्या सगळ्या हवेचं वजन आहे, एवढं एकच तत्त्व आणि आदर्श वायूचं समीकरण हाताशी घेतलं की घनतेच्या उतारावरून तापमान निघतं. घनता किती आहे हे कळायचीसुद्धा गरज नाही, ती उंचीप्रमाणे कशी घटते एवढं पुरे. फ्रान्सच्या ओशकोर्न आणि शानँ यांनी १९८० मध्ये ही पद्धत मांडली आणि जगभर अजूनही तीच चालते.

त्यात एक मेख आहे. अगदी वरच्या थराचं तापमान अंदाजाने धरावं लागतं, तिथून हिशोब खाली येतो. पण तो अंदाज चुकला तरी बिघडत नाही, कारण दर सात किलोमीटर खाली आल्यावर त्या चुकीचा परिणाम जवळपास एक-तृतीयांशच उरतो. ९० वर वीस अंशांची चूक असेल तर ७६ वर ती तीन अंशांच्या आत येते. म्हणून वरचे दहा-पंधरा किलोमीटर आम्ही टाकून देतो, आणि नव्या माणसाला तेच टाकून द्यायला सगळ्यात जड जातं.

तुमच्या शाळेच्या भूगोलात जे मध्यांबर होतं, साधारण ५० ते ८५ किलोमीटर, तिथे पोहोचायला दुसरी साधनं जवळपास नाहीतच. मोठे फुगे ४० किलोमीटरच्या आसपास दमतात. उपग्रह तिथे फिरू शकत नाही, हवेच्या घर्षणाने लगेच खाली येईल. त्याला लांबूनच बघावं लागतं. रॉकेट जातं, पण काही मिनिटांत तो पट्टा ओलांडून जातं. लायडार मात्र एकाच जागेवर रात्रभर बसून बघत राहतो.

त्याच्याही वर, ८० ते १०५ किलोमीटरच्या पट्ट्यात, निसर्गाने आपल्यासाठी एक सोय करून ठेवली आहे. मीठ घातलेली आमटी उतू गेली की गॅसची निळी ज्योत एकदम पिवळीधमक होते, ते तुम्ही घरी पाहिलंच असेल. तो पिवळा रंग म्हणजे सोडियम, ५८९ नॅनोमीटर. तेच सोडियम नव्वद किलोमीटरवर सुट्या अणूंच्या रूपात तरंगत असतं. ते समुद्रातून गेलेलं नसतं, उल्कांमधून आलेलं असतं. अंतराळातली धूळ रोज कित्येक टन पृथ्वीवर पडते. तिच्यातले कण या उंचीवर तापून वितळतात आणि त्यांतले धातू हवेत मोकळे होतात. अगदी वर हे अणू विद्युतभारित होतात, खाली ऑक्सिजन, ओझोन, पाणी, कार्बन डायऑक्साइड यांच्याशी संयोग होत होत त्यांचा सोडियम बायकार्बोनेट बनतो, म्हणजे स्वयंपाकघरातला खाण्याचा सोडा. मधल्या दहा-पंधरा किलोमीटरच्या थरातच ते सुटे राहतात. दाट असतो तिथेही हा थर घनसेंटिमीटरला काही हजार अणूंचाच.

एवढ्या विरळ अणूंचा काय उपयोग? लेसर बरोबर ५८९ नॅनोमीटरला जुळवला की सोडियमचा अणू तो प्रकाश गिळतो आणि लगेच पुन्हा फेकतो. त्याचा प्रतिसाद हवेच्या एका रेणूच्या शंभर लाख कोटी पटींहून मोठा असतो. म्हणून ८० किलोमीटरवर साध्या हवेचा फोटॉन शोधावा लागतो, आणि त्याहून वर ९० वर सोडियम उलट झळकतो. इंग्लंडमध्ये बोमन, गिब्सन आणि सँडफर्ड यांनी १९६९ मध्ये हे पहिल्यांदा केलं. त्याआधी सहा वर्षं, १९६३ मध्ये, एमआयटीत फिओको आणि स्मलिन यांनी लाल रुबी लेसरने वरच्या वातावरणातून पहिला प्रतिसाद पकडला होता.

१९६३ म्हटलं की मला थुंबा आठवतं. त्या वर्षी २१ नोव्हेंबरला भारतातून उडालेल्या पहिल्या रॉकेटमध्ये सोडियमचीच वाफ होती. संध्याकाळच्या आकाशात ती सोडली आणि तो नारिंगी ढग वाऱ्याने कसा पसरतो यावरून वरचा वारा मोजला. आपण रॉकेटने सोडियम नेऊन जे एका संध्याकाळी पाहिलं, ते सोडियम लायडार उल्कांच्या आयत्या सोडियमवर रोज रात्री करतो.

वारा कसा मोजतो, ते थोडं जवळून बघा. अणू आपल्याकडे येत असेल किंवा दूर जात असेल तर तो गिळतो ती वारंवारता सरकते. सेकंदाला एक मीटर वाऱ्यासाठी ती सरकते १.७ मेगाहर्ट्झ, आणि मूळ वारंवारता आहे ५०९ दशलक्ष मेगाहर्ट्झ. म्हणजे तीस कोटींत एक भाग. तापमानासाठी त्या रेषेची रुंदी बघतात. २०० केल्विनला ती सुमारे एक गिगाहर्ट्झ असते, अणू जितके तापलेले तितकी ती पसरते. लेसर तीन वेगवेगळ्या वारंवारतांवर आलटून पालटून चालवायचा: एक रेषेच्या माथ्यावर, दोन दोन्ही खांद्यांवर. खांदे किती भरलेले आहेत त्यावरून तापमान, एक खांदा दुसऱ्यापेक्षा जड आहे का त्यावरून वारा. लेसरला जागेवर धरून ठेवायला टेबलावर एक काचेची लहान कुपी असते, तापवलेल्या सोडियमच्या वाफेची. लेसरचा थोडासा भाग तिच्यातून जातो आणि तिथल्या अणूंना विचारून लेसर स्वतःला दुरुस्त करत राहतो. नव्वद किलोमीटरवरच्या अणूला मोजायची पट्टी म्हणजे टेबलावरचा त्याचाच सख्खा भाऊ. अंधाऱ्या खोलीत ती कुपी नारिंगी उजळलेली मी हजारो वेळा पाहिली असेल, तरी दर वेळी क्षणभर थांबून बघायचे.

आता एक चूक सांगते, माझीच. सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. सलग तीन रात्री आमच्या हिरव्या लायडारने ७५ किलोमीटरला हवा वीसेक अंशांनी जास्त उबदार दाखवली. मध्यांबरात अशा उलट्या थरांची खरीच नोंद आहे, तापमान उंचीबरोबर घटायचं सोडून तिथे वाढतं. मी आलेख रंगवून टिपण लिहायला घेतलं. आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी टिपण बघितलंही नाही. म्हणाले, "आधी १२० ते २०० दाखव." तिथे मोजण्यासारखी हवा नाही, त्यामुळे नुसता आकाशाचा उजेड यायला हवा, सपाट रेघ. माझी रेघ सपाट नव्हती, हळूहळू उतरत होती.

कारण असं निघालं: दुर्बिणीसमोर एक फिरती चकती असते, ती खालच्या हवेतून येणारा प्रखर प्रकाश अडवते आणि २५ किलोमीटरच्या वरचाच आत सोडते. तिची वेळ सांगणारा सेन्सर सैल झाला होता आणि ती शंभर मायक्रोसेकंद आधी उघडत होती. म्हणजे दहा किलोमीटरपासूनचा प्रकाश आत येत होता. तिथली हवा दहापट दाट, अंतर अडीच पटींनी कमी, एकूण साठपट झगमगाट. तो एकदा आत गेला की फोटोमल्टिप्लायर, म्हणजे फोटॉन मोजणारा आमचा डिटेक्टर, पुढची काही शे मायक्रोसेकंद खोटे फोटॉन मोजत राहतो. ते वरच्या मोजक्या खऱ्या फोटॉनांत मिसळले, घनता हळू घटते आहे असं दिसलं आणि हवा उबदार निघाली. स्क्रू आवळायला दोन मिनिटं लागली. तीन रात्रींचा डेटा टाकून दिला. तेव्हापासून माझ्या हाताखाली जो आला त्याला पहिला आलेख मी तोच काढायला लावला, १२० ते २०० चा.

या सगळ्यातून मिळतं काय, हेही तुम्ही विचारालच. लाटा मिळतात. वळवाचा ढग चांदवड-मनमाडच्या बाजूला उसळतो, किंवा पावसाळी वारा सह्याद्रीच्या कड्यावर आदळून वर चढतो, तेव्हा हवा पाण्यासारखी हिंदकळते. ही हिंदकळ वर निघते. (हिला गुरुत्व लहर म्हणतात, पण हिंगोलीत औंढ्याजवळच्या लायगो प्रकल्पात ज्या शोधायच्या आहेत त्या लहरी निराळ्या, तिथे अवकाशच ताणलं जातं, इथे नुसती हवा वरखाली होते.) ९० किलोमीटरवर हवा जमिनीपेक्षा सुमारे साडेतीन लाख पटींनी विरळ असते. वाटेत ऊर्जा गमावली नाही तर लाटेचा झोका त्याच्या वर्गमुळाने, म्हणजे सहाशेपटीच्या आसपास, वाढतो. खाली सेकंदाला दहा सेंटिमीटरची थरथर असेल तर वर साठ मीटरचा वारा. तिथे लाटा फुटतात, किनाऱ्यावरच्यासारख्याच, आणि आपला जोर वाऱ्याला देऊन टाकतात. ध्रुवांजवळ ८५-९० किलोमीटरवरची हवा उन्हाळ्यात, चोवीस तास सूर्य असताना, हिवाळ्यापेक्षा जास्त थंड असते, ती याच ढकलण्यामुळे. सोडियमच्या आलेखावर या लाटा तिरक्या पट्ट्यांसारख्या रात्रभर खाली उतरताना दिसतात. आणि कार्बन डायऑक्साइड वाढल्याने खाली तापमान चढत असताना वरचं वातावरण निवतं आहे, आक्रसतं आहे. तो वायू वर उष्णता अडवण्याऐवजी अवकाशात फेकतो. हे मोजायला दशकानुदशकं एकाच जागी बसलेला लायडार लागतो, आणि त्यासाठी पैसे मिळवणं नेहमीच जड जातं. तरी ते केलंच पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

आपल्याकडे हे काम झालेलं आहे. पुण्याच्या आयआयटीएममध्ये (उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्था) १९८० च्या दशकात आर्गन लेसरचा लायडार खालच्या हवेतल्या धुळीवर चालायचा. माउंट अबूला पीआरएलचा (अहमदाबादची भौतिक संशोधन प्रयोगशाळा), आणि तिरुपतीजवळ गादंकीला १९९८ पासून जपानच्या सहकार्याने उभा राहिलेला लायडार मध्यांबर बघत आला. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाच्या आवारात भूचुंबकत्व संस्थेचं रडार याच उंचीवरचे वारे मोजतं. ते पाहायला जरूर जा, एसटीने एका दिवसाचा प्रवास आहे.

नाशिकबद्दल बोलायचं तर जागा वाईट नाही. ऑक्टोबर ते फेब्रुवारी आकाश मोकळं असतं आणि त्र्यंबक-अंजनेरीच्या बाजूला अजून बऱ्यापैकी अंधार आहे. जून ते सप्टेंबर विसरा. थंडीत निफाडकडे पारा उतरतो तेव्हा पहाटे काचेवर दव धरतं, हेअर ड्रायर जवळ ठेवावा लागेल. रस्त्यावरच्या पिवळ्या दिव्यांचा धसका मात्र फार घेऊ नका: त्या उच्च दाबाच्या सोडियम दिव्यात वाफ इतकी दाट असते की बरोबर ५८९ च्या जागी ती स्वतःचाच प्रकाश गिळते. कॉलेजच्या स्पेक्ट्रोमीटरमधून बघा, पिवळ्या पट्ट्यात मधोमध काळी फट दिसेल.

पण लेसर वर सोडू नका. ओझरचा विमानतळ आणि देवळाली दोन्ही जवळ आहेत. हिरवा झोत वैमानिकाच्या डोळ्यांत गेला तर तो काही सेकंद आंधळा होतो, आणि पाच वॅटचा लेसर खाली कुणाच्या डोळ्यांत गेला तर ती इजा भरून येत नाही. आम्ही विमानवाहतूक नियंत्रणाशी ठरवल्याशिवाय कधीच शलाका सोडली नाही.

प्रोजेक्ट तरीही होईल, आणि चांगला होईल. प्रमाणित वातावरणातली घनता घ्या, ३० ते ९० किलोमीटर. तिच्यावरून पल्समागे किती फोटॉन यावेत ते काढा, दहा हजार पल्स बेरजेला धरा, त्यात आकाशाचा उजेड मिसळा आणि प्वासाँ वितरणाने (मोजणीतले योगायोगाचे चढउतार सांगणारं गणित) आकडे हलवा. झाला तुमचा लायडार, कागदावरचा. आता हेच आकडे मित्राकडे द्या आणि त्याने मूळ तापमान न बघता ते परत काढावं. वरचं अंदाजी तापमान वीस अंशांनी बदला, पार्श्वभूमी मुद्दाम थोडी चुकीची वजा करा, बघा कुठे काय कोसळतं. मग खऱ्या नोंदींकडे या. हवाई बेटांवर मौना लोआला १९९० च्या दशकापासून अनेक वर्षं लायडार चालला. त्याचा अक्षांश १९.५, नाशिकचा २०, म्हणजे जवळपास आपलंच आकाश. त्याची तापमानं एनडीएसीसी या वातावरण मोजणाऱ्या केंद्रांच्या जागतिक जाळ्याच्या संकेतस्थळावर खुली आहेत. वरच्या हवेचं तापमान लांबून मोजणाऱ्या, टाइम्ड उपग्रहावरच्या सेबर उपकरणाच्याही नोंदी खुल्या आहेत, आणि तो नाशिकवरून गेला त्या रात्री वेगळ्या काढता येतात. दोन्ही शेजारी ठेवा.

अडलात तर पुन्हा विचारा. आलेख पाठवाल तेव्हा तापमानाचा आधी नको. पार्श्वभूमी वजा करण्याआधीचे नुसते काउंट पाठवा, शून्यापासून २०० किलोमीटरपर्यंत.